पिवळ्या डोळ्यांचे आबा

भरे गावात भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, नोकरी कुठे हेही विचारलं नाही. त्यांनी मला अंगणात उन्हाकडे तोंड करून उभं केलं, अंगठ्याने माझ्या डाव्या डोळ्याची खालची पापणी ओढली आणि आत बघितलं. मग उजव्या डोळ्याची.

"लाल हाय," ते मागे उभ्या असलेल्या सुनेला म्हणाले. "दे किल्ली."

त्या दोन खोल्यांत आम्ही, म्हणजे मी, बायको आणि मुलगा, सहा वर्षं चार महिने राहिलो. मी घोटावड्याच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. आलेला माल मोजून घ्यायचा आणि मोजून द्यायचा, हे माझं काम. त्यामुळे आकडे लक्षात राहतात, बाकीचं विसरायला होतं. घरमालकांना सगळं गाव आबा म्हणायचं, आम्हीही आबाच म्हणू लागलो. मला ते शेवटपर्यंत 'इष्टोरवाले' म्हणाले. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाही, हे आजही खात्रीने सांगता येणार नाही.

पापणीचं कारण नंतर कळलं. आबांचं घर धनगराचं. अडतीस शेळ्या आणि नऊ मेंढ्या. शेळीच्या पोटात जंत झाले की तिचं रक्त कमी होतं, आणि ते सगळ्यांत आधी पापणीच्या आतल्या बाजूला दिसतं. लाल असली तर शेळी चांगली. फिकी असली तर नजर ठेवायची. पांढरी पडली तर त्याच दिवशी औषध पाजायचं. आबा रोज सकाळी गोठ्याच्या दारात बसून एकेक शेळी गुडघ्यांत धरायचे, पापणी बघायचे आणि सोडायचे. ही सवय शेळ्यांपुरती राहिली नव्हती, एवढंच. मीटर वाचायला येणारा, गॅसची टाकी आणणारा, शाळेतल्या नवीन बाई, बिहारहून आलेले सेंट्रिंगवाले, सगळ्यांच्या पापण्या त्यांनी बघितल्या होत्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत दारात आला. आबांनी त्याची पापणी ओढली आणि त्याच्या चार कार्यकर्त्यांसमोर सांगितलं, "रगतच न्हाई अंगात. कशाला उभा ऱ्हातोय? घरी जा, पालेभाजी खा." तो माणूस अकरा मतांनी पडला. आबांमुळे पडला असं मी म्हणणार नाही, पण तो स्वतः म्हणायचा.

त्यांच्या मोबाइलचंही सांगितलं पाहिजे. मुलाने घेऊन दिलेला साधा फोन त्यांनी कधी खिशात ठेवला नाही. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तो कळपाच्या पुढे चालणाऱ्या पांढऱ्या शेळीच्या गळ्यात बांधला होता. शेळ्या टेकडीपलीकडे गेल्या की ते भेटेल त्याला म्हणायचे, "माजा नंबर लाव." मग कान देऊन उभे राहायचे आणि वाजलं त्या दिशेला चालू लागायचे. सोय चांगली होती, पण आबांशी बोलायचं असेल त्याची पंचाईत व्हायची. कोणी फोन घेईना की आमच्या घरात "शेळी उचलत नाही" असं म्हणायची पद्धत पडली. ती अजून आहे.

आणि माणूस बरा आहे का, असं ते विचारत नसत. "चरतंय का?" म्हणायचे. माझा मुलगा टायफॉइडमधून उठला तेव्हा रोज सकाळी खिडकीतून हाच प्रश्न. खाल्लं म्हटलं की "मग झालं" म्हणून निघून जायचे. खाल्लं नाही म्हटलं की दहा मिनिटांनी सूनबाई ताकाचा तांब्या घेऊन यायच्या.

आता त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांबद्दल. ते पिवळे होते, हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे. पहिल्या दिवशी मला काविळीची शंका आली आणि मी बायकोला त्यांच्याकडचं पाणी पिऊ नकोस असं बजावलं. मग त्यांचा मुलगा भेटला, त्याचेही डोळे पिवळे. बहीण कासारसाईहून आली, तिचेही. गावात या घराला 'पिवळ्या डोळ्यांचे' असंच ओळखत आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नसे. उलट आबा अभिमानाने सांगायचे की त्यांच्या पणजोबांनी देवापुढे भंडारा उधळला, वारं फिरलं, भंडारा उलटून त्यांच्याच डोळ्यांत गेला, आणि देव म्हणाला, राहू दे, माझी खूण आहे. तेव्हापासून घरातल्या काहींच्या डोळ्यांत भंडारा उतरतो. मी मोजलं होतं. त्या घरात रक्ताची माणसं अकरा, त्यांपैकी सहा पिवळ्या डोळ्यांची. बाळ थोडं मोठं झालं की आबा त्याला उन्हात नेऊन बघायचे आणि "देवाचं हाय" किंवा "आपलं हाय" असं जाहीर करायचे. देवाचं निघालं तर गावाला पेढे, आपलं निघालं तर गूळ.

यातून एक नियम आला होता. देवाची खूण असलेल्या डोळ्याला बोट लावायचं नाही. त्यामुळे सगळ्या गावाच्या पापण्या बघणारा हा माणूस स्वतःच्या घरातल्या एकाचीही पापणी बघत नसे.

घरात सगळ्यांत पिवळे डोळे नातीचे होते, म्हणून ती सगळ्यांत लाडकी. आम्ही राहायला गेलो तेव्हा ती आठ वर्षांची होती. हुशार, तोंडाने तिखट, पण दमायची. शाळा घरापासून सातशे पावलांवर, माझ्या मुलाबरोबर जाताना ती मधे दोनदा बसायची. माझा मुलगा कुरकुर करायचा. त्याला ती म्हणायची, "मी दमली न्हाई, मी बगतीया कोण कोण जातंय." तिचं पोट डाव्या बाजूने जरा पुढे दिसायचं. आबा म्हणायचे, देवाचं लेकरू शांतच असतं.

आम्ही आल्यानंतरच्या उन्हाळ्यात शाळेतल्या मुलांत तापाची साथ आली. गाल लाल व्हायचे, चार दिवसांत मुलं बरी व्हायची. माझाही मुलगा बरा झाला. नात झाली नाही. पाचव्या दिवशी तिला उभं राहता येईना. तिचे वडील हिंजवडीला कंपनीच्या बसवर ड्रायव्हर, ते ड्युटीवर होते. सूनबाईंनी माझ्या बायकोला हाक मारली आणि आम्ही रिक्षाने तिला पिरंगुटला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बोट टोचून रक्त बघितलं आणि पुण्याला पाठवलं. हिमोग्लोबिन तीन पॉइंट आठ होतं. मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं, पण आकडा मी पावतीच्या मागे लिहून घेतला. नंतर वही केली.

पुण्याच्या रुग्णालयात तिला दोन वेळा रक्त चढवलं. चौथ्या दिवशी आजाराचं नाव कळलं. नाव लांबलचक आहे, आशय एवढाच की रक्तातल्या तांबड्या पेशी ज्या आकाराच्या असायला हव्यात तशा जन्मतःच नसतात, आणि त्यामुळे प्लीहा, म्हणजे आमच्याकडे जिला पाणथरी म्हणतात ती, त्या पेशी मोडत राहते आणि मोडता मोडता स्वतः सुजते. आजार आईकडून किंवा वडिलांकडून येतो. ज्याला आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. मी मनात अकरापैकी सहा असा हिशेब केला आणि गप्प बसलो. साथीच्या तापाने नवीन रक्त तयार होणं काही दिवस थांबलं होतं. बाकीची मुलं तेवढ्या दिवसांत साठ्यावर निभावतात, हिच्याकडे साठाच नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं, काही महिने बघू, पण बहुतेक पाणथरी काढावी लागेल. आबा म्हणाले, "देवानं दिलेलं काढायचं न्हाई." विषय संपला. त्या घरात त्यांच्या शब्दापुढे कोणी जात नसे.

पुढच्या सात महिन्यांत वहीत नऊ आकडे आहेत. सगळ्यांत चांगला सात पॉइंट सहा, सगळ्यांत वाईट पाच पॉइंट एक. त्या पाच पॉइंट एकच्या वेळी पुन्हा रक्त चढवावं लागलं आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर बाईंनी निरोप पाठवला की घरात जे नको म्हणतात त्यांनाच घेऊन या. नातीच्या वडिलांनी आबांना फोन केला. शेळीने उचलला नाही. शेवटी मी टेकडीवर जाऊन त्यांना घेऊन आलो.

त्या दोघांचं बोलणं मी समोर बसून ऐकलं, म्हणून जवळपास जसंच्या तसं सांगू शकतो.

"आजोबा," डॉक्टर म्हणाल्या, "चांगली तांबडी पेशी चपटी असते, मधे खोलगट, भाकरी फुगून बसल्यासारखी. तुमच्या घरात ती गोल बनते, गोटीसारखी. पाणथरीत बारीक फटी असतात. चपटी पेशी वाकून निघून जाते. गोल पेशीला वाकता येत नाही, ती अडकते. पाणथरीला वाटतं ही खराब आहे, ती मोडून टाकते. मोडलेल्या पेशीतून पिवळा रंग सुटतो, तो डोळ्यांत दिसतो."

आबांनी टेबलावरच्या प्लास्टिकच्या पोटाच्या नमुन्याला बोट लावून बघितलं.

"म्हंजी," ते म्हणाले, "गोठ्याच्या दारात राखण्या बसिवलाय. लंगडी शेळी दिसली की मारायची, असं त्याला सांगून ठिवलंय. आन् आमचा समदा कळपच लंगडा."

"अगदी बरोबर."

"तर तुमी म्हंताय, राखण्यालाच काढा."

"हो. शेळ्या लंगड्याच राहतील. पण जगतील."

"मग लांडगं आलं तर?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तेच मी पुढे सांगणार होते," त्या म्हणाल्या. "पाणथरीचं दुसरं काम तेच आहे. काही जंतू असे असतात की त्यांना तीच पकडते. ती नसली की ते तासातासाने वाढतात. म्हणून ऑपरेशनच्या किमान पंधरा दिवस आधी तीन लसी द्यायच्या. नंतर रोज एक गोळी, काही वर्षं. आणि ताप आला की थांबायचं नाही. सकाळी बघू नाही, गाडी आल्यावर जाऊ नाही. शंभर पॉइंट चार झाला की निघायचं."

"किती दिवस असं?"

"आयुष्यभर."

"आन् कुत्रं चावलं तर?"

"नुसता दात लागला तरी यायचं. तुमच्याकडे कुत्री आहेत?"

"दोन. पर ती चावत न्हाईत. ती हिला भितात."

मग डॉक्टर म्हणाल्या की घरातल्या मोठ्यांनाही तपासायचं आहे, आणि त्यांनी आबांच्या डोळ्याकडे हात नेला. आबा खुर्चीसकट मागे सरकले. "डोळ्याला न्हाई." डॉक्टरांनी हात मागे घेतला. रक्त मात्र त्यांनी दिलं, पोटही दाखवलं. डाव्या बरगडीखाली चार जुने डाग होते, तापल्या लोखंडाचे, ओळीत.

"हे काय?"

"आईनं दिल्यात. ल्हान हुतो. पाणथरीला."

मला तो क्षण आठवतो. म्हणजे त्यांच्या आईला पोटात काय सुजतंय ते माहीत होतं, तिने तिच्या परीने उपायही केला होता. पाणथरी आणि पिवळे डोळे ही एकच गोष्ट आहे, एवढंच त्या घरात कोणी जोडलं नव्हतं. आबांचं हिमोग्लोबिन दहा पॉइंट चार निघालं. आजार तोच, पण सौम्य. पित्ताशयात खडे होते, मोडलेल्या रक्ताच्या रंगाचेच ते होतात. स्वतःचं काही करायला त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला. "मला ह्या पाणथरीनं इतकं आणलंय, पुढंबी नील." गेल्या वर्षी ते गेले ते हृदयाने, झोपेत, पाणथरीने नाही, हे नमूद केलं पाहिजे.

पण त्या दिवशी ते होही म्हणाले नाहीत. "इचार करतो" म्हणाले. घरी आलो. संध्याकाळ व्हायला आली होती, ते नेहमीसारखे गोठ्याच्या दारात बसले आणि सकाळी राहिलेल्या शेळ्यांच्या पापण्या बघू लागले. सूनबाई अंगणात धुणं काढत होत्या. त्या घरात आल्यापासून सासऱ्यांपुढे मोठ्याने बोलल्या नव्हत्या. हातातली चादर तशीच दोरीवर टाकून त्या गोठ्यापाशी गेल्या.

"आबा, तुमी गावच्या शेळ्यांच्या पापण्या बघताय," त्या म्हणाल्या. "माज्या लेकीची कदी बघितली का?"

आबांच्या गुडघ्यांत एक करडू होतं. ते ओरडत होतं आणि आबा त्याला सोडत नव्हते.

"जलमल्यापास्नं नऊ वर्सं. एकदा तरी?"

"ती देवाची हाय."

"मग देव तिला नेतोय. तुमी बघत बसा."

सूनबाई आत गेल्या. माझी बायको त्यांच्यामागे गेली. मी ओट्यावर बसलो होतो, उठून जाणं बरं दिसेल की बसून राहणं, हे मला ठरवता येईना. थोड्या वेळाने नात बाहेर आली, आजोबांच्या शेजारी दगडावर बसली आणि करडाचे कान ओढू लागली. आबांनी करडू सोडलं. मग त्यांनी हात धोतराला पुसले, दोन्ही बाजूंनी, तिचं तोंड मावळतीकडे वळवलं आणि अंगठ्याने तिची पापणी खाली ओढली.

"काय दिसतंय?" ती म्हणाली.

आबांनी दुसरीही बघितली. मग पुन्हा पहिली.

"पांढरा कागद हाय," ते म्हणाले. तिला नाही, मला. आवाज नेहमीचाच होता. "इष्टोरवाले, असली शेळी बाजारात कुनी फुकट दिली असती तरी मी आणली नसती. सांगा त्या बाईला, कवा यायचं."

तीन लसी झाल्या. अठराव्या दिवशी ऑपरेशन झालं, दोन तास पन्नास मिनिटं. पोट फाडलं नाही, चार भोकं पाडून दुर्बिणीतून केलं. पाणथरी आतच पिशवीत घालून तुकड्यांनी बाहेर काढली. पित्ताशयात तिच्याही बारीक खडे होते, म्हणून पित्ताशयही त्याच वेळी काढलं. डॉक्टर बाहेर आल्यावर आबांनी पाणथरी बघायला मागितली. डॉक्टरांनी आधी नको म्हटलं, मग ट्रेमध्ये आणून दाखवली. मी वजन विचारलं. चारशे दहा ग्रॅम. या वयाला शंभराच्या आसपास असते म्हणाल्या. आबांनी वाकून बघितलं.

"शेळीची यवढीशी असती," त्यांनी तळहातावर बोटांनी दाखवलं. "हिनं लई खाल्लंय."

एवढंच. नंतर कोपऱ्यातल्या नळावर जाऊन त्यांनी तोंड धुतलं आणि बराच वेळ धूत राहिले.

पाचव्या दिवशी ती घरी आली. दहाव्या दिवशी हिमोग्लोबिन अकरा पॉइंट दोन. डोळ्यांतला पिवळेपणा रोज थोडा थोडा उतरत होता आणि तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तो दिसेनासा झाला. आबा काय म्हणतील याची सगळे वाट बघत होते. कासारसाईच्या बहिणीने तर फोनवर सांगितलंच होतं की खूण पुसली, आता घरावर काय येतंय बघा. आबांनी नातीला उन्हात उभं केलं, बघितलं, आणि बाजारात गेले. येताना पाच किलो गूळ आणला.

"आपली हाय," त्यांनी दारोदार जाऊन सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी त्याच मुलीच्या नावाने त्याच दारांत पेढे वाटले होते. लोकांनी गूळही घेतला.

यानंतर आबांच्या सगळ्या सवयींवर एका नवीन सवयीने मात केली. ताप. रुग्णालयाने थर्मामीटर दिला होता, तो सूनबाई बघायच्या. आबांचा त्यावर विश्वास नव्हता. शेळीचा ताप कानाच्या मुळाशी कळतो, म्हणून ते नातीच्या कानामागे उलटा हात लावायचे, सकाळी एकदा, शाळेतून आली की एकदा. तिला त्याचा कंटाळा यायचा. "आबा, मी काय शेळी हाय का?" "न्हाई. शेळी गप उभी ऱ्हाती."

पहिला ताप आला तो आबांच्या धाकट्या मुलाच्या लग्नात, हळदीच्या दिवशी. घरातला मोठा माणूस म्हणून देवापुढचा भंडारा आबांनी उचलायचा होता. त्याशिवाय पुढचं काही होणार नव्हतं. त्यांनी नातीच्या कानामागे हात लावला आणि मांडवातून सरळ बाहेर पडले. व्याही मागे धावले. "आबा, अर्ध्या तासाचं काम हाय. भंडारा उचला आन् मग जा." आबा म्हणाले, "तुमी उचला." पुण्यात रक्त तपासलं, इंजेक्शन दिलं, दोन दिवस ठेवून घेतलं. साधा सर्दीचा ताप निघाला. लग्न लागलं, आबा नव्हते. फोटोंत त्यांच्या जागेवर व्याही आहेत.

दुसरा घशाचा. तिसरा कशाचा ते कळलंच नाही. चौथ्या वेळी थर्मामीटरवर पुरता शंभरही नव्हता, पण कान तापला होता, म्हणून गेले. पाचवा, सहावा. प्रत्येक वेळी तेच, रक्त, इंजेक्शन, एक किंवा दोन दिवस, घरी. गावाला चांगला विषय झाला. पारावर कोणी शिंकलं की कोणीतरी ओरडायचं, "आबा, गाडी काढू का?" आबा ऐकून घ्यायचे. रुग्णालयातल्या एका शिकाऊ डॉक्टरनेही एकदा हसून विचारलं, "आजोबा, परत?" आबांनी त्याची पापणी ओढून बघितली आणि बाकावर जाऊन बसले.

सातवा ताप एका रविवारी सकाळी आला. ती तेव्हा साडेअकरा वर्षांची होती. शंभर पॉइंट सहा. अंगणात बसून तिने अर्धी भाकरी खाल्ली होती, माझ्या मुलाशी भांडतही होती. तिचे वडील गाडी घेऊन दुपारी दोनला येणार होते. आबा पटका बांधू लागले. सूनबाई माझ्याकडे बघू लागल्या, आणि मी जे बोललो ते असं होतं.

"आबा, सहापैकी सहा वेळा काही निघालं नाही. ती खातेय, चरतेय. चार तासांत गाडी येतेय. तोवर एक तापाची गोळी देऊ आणि बघू."

आकडा खरा होता. मी वहीत बघून सांगितला होता.

"तुमी मोजा," आबा म्हणाले आणि रस्त्यावर जाऊन त्यांनी दुधाचा टेंपो थांबवला.

कागदपत्रांची पिशवी माझ्याकडे असायची, म्हणून मीही चढलो. मनातून मी वैतागलो होतो, हे लिहिलं नाही तर खोटं होईल. भूगावात वाहतूक नेहमीसारखी तुंबलेली. तिथे तिला हुडहुडी भरली. मी म्हटलं, वारं लागतंय. दहा मिनिटांनी तिचे हात गार पडले आणि ती आबांना शाळेतल्या बाईंच्या नावाने हाक मारू लागली. ओठ निळसर दिसत होते. आबांनी तिला पटक्यात गुंडाळलं, टेंपोतून उतरले आणि थांबलेल्या गाड्यांमधून चालत पुढे गेले. पुढे नाक्यावर एका मोटारवाल्याने त्यांना घेतलं. मी धावत मागून पोचलो आणि त्याच मोटारीत चढलो.

रुग्णालयात पोचलो तेव्हा रक्तदाब मोजता येत नव्हता इतका खाली होता. आमच्या पिशवीतलं पाणथरी काढल्याचं कार्ड बघितल्याबरोबर त्यांनी तपासणीचा निकाल यायची वाट न बघता औषध सुरू केलं. पाच दिवस ती अतिदक्षता विभागात होती. रक्तात जंतू सापडले. लस देऊनही कधी कधी होतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ऑपरेशन करणाऱ्या बाई तिसऱ्या दिवशी येऊन बघून गेल्या. मी त्यांना विचारलं की आम्ही दोनला निघालो असतो तर? त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"तर आज आपण वेगळ्या जागी उभे राहून बोलत असतो," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी दुपारी तिने डोळे उघडून खायला मागितलं. सूनबाई आत होत्या. मी आणि आबा बाहेर बाकावर. त्यांनी तीन दिवसांत बाकावरून उठून एकदाही शेळ्यांची चौकशी केली नव्हती. माझ्याजवळ वही होती, पण मी ती काढली नाही. मला एकच विचारायचं होतं आणि ते कसं विचारावं कळत नव्हतं.

"आबा, या वेळचा ताप वेगळा आहे, हे तुम्हाला कसं कळलं? कानावरून?"

"मला कुटं काय कळलं?" आबा म्हणाले. "मला सातबी येळा ती चालली असंच वाटलं."